मुराळी नसलेली गाडी

आमच्या प्रेमराजला बोलता येत नाही असं नाही. केळीच्या भावावरून तो व्यापाऱ्याशी अर्धा दिवस हुज्जत घालेल. बागेच्या या बांधावरून ओरडला तर त्या बांधावरचा मजूर दचकून उठेल. पण पोटातलं ओठावर आणायची वेळ आली, की ह्याच्या तोंडात मिठाची गुळणी. मी त्याची थोरली बहीण, शेवंताबाई. सावद्यात सगळे मला अक्का म्हणतात. नवरा गेल्यापासून मी या भावाच्या घरी आहे. पुढे त्याची बायकोही गेली, तेव्हा त्याच्या एकुलत्या एका पोरीला, नूतनला, मीच वाढवली. म्हणून या घरात मला बोलायचा हक्क आहे आणि तो मी एक दिवससुद्धा सोडत नाही.

आता त्या गाडीचं सांगते. काळी मर्सिडीज. गावातली माणसं मर्शिडी म्हणतात. जळगावचे लखीचंदशेठ, डाळ मिलवाले, त्यांची ती जुनी गाडी. त्यांनी नवी घेतली आणि ही आमच्या प्रेमराजच्या डोळ्यात भरली. मी म्हटलं, अरे, आपल्याला ट्रॅक्टर आहे, बोलेरो आहे, हे लोढणं कशाला गळ्यात? पण हौसेला मोल नसतं. नूतन तेव्हा जळगावला फार्मसी शिकत होती. बापलेक मिळून गाडी आणायला गेले. शेठच्या बायकोनं, लाडकुंवरबाईंनी, गाडीला कुंकू लावलं, नूतनच्या हातावर दही ठेवलं आणि डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "गाडी नाही देत हो भाऊ, घरातली लेक देतेय. सांभाळा."

येताना नूतननं मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि बापाला सांगितलं, "आबा, लेक म्हणाल्या ते खरंच आहे. हे एका पोरीचंच नाव आहे."

कंपनी जर्मनीची. सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. एक मोठा व्यापारी त्यांच्या गाड्या घ्यायचा, विकायचा, शर्यतीत पळवायचा. तो म्हणाला, माझ्या मनासारखी नवी गाडी बनवा आणि तिला माझ्या मुलीचं नाव द्या. मुलगी दहा-अकरा वर्षांची होती. तिचं नाव मर्सिडीज. गाडी बनली, शर्यती जिंकली आणि ते नाव जगभर झालं. पुढे त्या बापानं स्वतःच्या आडनावातही मुलीचं नाव घालून घेतलं म्हणे.

हे शेवटचं प्रेमराजला फार आवडलं. न्हाव्याच्या दुकानात, बसस्टँडवर, शेतकऱ्यांच्या सोसायटीत, जिथे बसेल तिथे हेच. "आपल्याकडे पोरीच्या नावामागे बापाचं नाव लागते. तिकडे बापानं पोरीचं लावून घेतलं." मी म्हटलं, तिकडचा बाप शहाणा दिसतो. त्यावर तो हसला होता. तेव्हा तो हसायचा.

गाडीच्या नाकावर ते गोलातलं तीन टोकांचं चिन्ह असतं ना, आमच्या सालदाराला ते पेरणीच्या तीन फाळांच्या तिफणीसारखं दिसायचं. त्यामुळे निम्मा गाव तिला तिफणवाली म्हणायचा. आणि लाड तरी किती करावेत. आत बसताना चपला हातात घ्यायच्या. तंबाखू नको, पान नको, केळीचा घड तर डिकीच्या जवळपासही नको, चीक लागतो म्हणून. बेअरिंगची नुसती कुरकुर झाली तरी नाशिकला कंपनीच्या वर्कशॉपात. एकदा गोडाऊनमधल्या उंदरांनी वायर कुरतडली, तर दोन दिवस हा जेवला नाही. गाडीचं पोट जमिनीला टेकलेलं, म्हणून स्पीडब्रेकर आला की मला उतरायला लावायचा. मी भर उन्हात फैजपूरच्या रस्त्यावर चालत स्पीडब्रेकर ओलांडायची आणि पलीकडे जाऊन पुन्हा गाडीत बसायची. अरे, गाडी माणसांसाठी की माणसं गाडीसाठी? पण पालथ्या घड्यावर पाणी.

दोन नियम मात्र दगडावरच्या रेघेसारखे होते. गाडी चालवणाऱ्यानं फोनला हात लावायचा नाही, हा एक. आणि प्रेमराज आत नसेल तर गाडी फाटकाबाहेर जाणार नाही, हा दुसरा. स्टिअरिंगला हात फक्त दोघांचा, त्याचा आणि नूतनचा. तिला त्यानं बागेतल्या रस्त्यावर शिकवलं. ती चालवायची तेव्हाही हा शेजारी बसलेला असायचा, दोन्ही हात मांडीवर ठेवून, देवळात बसतात तसा.

मग नूतननं सांगितलं, लग्न करायचंय. मुलगा तिच्याच कॉलेजातला, धुळ्याचा, समाधान नाव. शिकलेला, सरळ, निर्व्यसनी. पण आमच्या समाजाबाहेरचा. तिनं चोरून काही केलं नाही, ओट्यावर बापासमोर बसून सांगितलं. प्रेमराजनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कर. पण मग मी मेल्यावरच या घरात पाय ठेव."

रागात माणूस बोलतो. बाजारात भाजीवालीसुद्धा मरणाच्या शपथा घेते, कुणी मनावर घेतं का? पण ह्यानं बोललेलं गिळलं नाही आणि पोरगीही ह्याचीच. तिनं धुळ्याला नोंदणी करून लग्न केलं. दोघांनी मेडिकल दुकान टाकलं. एकदा समाधान एकटा आला होता, पेढ्याचा पुडा घेऊन. प्रेमराजनं फाटक उघडू दिलं नाही. तो मुलगा बराच वेळ उन्हात उभा राहिला, मग पुडा फाटकाच्या खांबावर ठेवून निघून गेला. मी तो पुडा आत आणला. त्यातला एक पेढा खाल्लाही. आपल्या जावयाचे पेढे आहेत, का नाही खायचे?

त्यानंतर गाडीवर कापड चढलं. रोज सकाळी प्रेमराज कापड काढायचा, आत बसायचा, इंजिन चालू करायचा. जायचा कुठेच नाही. काचा वर, हा आत. बाहेर आला की डोळे लाल. मी विचारलं तर म्हणे, एसीची हवा लागली.

महिन्या-दोन महिन्यांनी तो माझ्या मोबाइलवर नूतनचा नंबर लावून द्यायचा आणि म्हणायचा, "तू बोल." स्वतः दाराआड उभा राहून ऐकायचा. तिला कळायचं बरं का. ती मुद्दाम मोठ्यानं सांगायची, दुकान बरं चाललंय, तब्येत बरी आहे. फोन ठेवला की मी त्याला धारेवर धरायची. "अरे, एकदा फोन घे आणि नुसतं 'ये' म्हण. एक अक्षर आहे ते. त्याला काय जीभ झिजते?" तो बागेकडे चालू लागायचा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, त्यातली गत.

यंदा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या खानदेशात आखाजीला लेक माहेरी आली नाही तर घर सुनं वाटतं. झोके बांधतात, खापरावरचे मांडे होतात, आमरस होतो, सासुरवाशिणी चार दिवस पाय लांब करून बसतात. सणाच्या आधी मी फैजपूरला नणंदेकडे गेले होते. दुपारी परत आले तर अंगणात शेजारच्या पुष्पाबाई खापर मांडून बसलेल्या, पुरणाचा वास सुटलेला. प्रेमराज दाढी करून, इस्त्रीचे पांढरे कपडे घालून येरझारा घालतोय. आणि शेड रिकामी. कापडाची घडी घालून बाजूला ठेवलेली.

"गाडी कुठंय?"

"पुनाला पाठवलं धुळ्याला," तो म्हणाला. पुना म्हणजे आमचा ट्रकवरचा ड्रायव्हर, पहूरचा. सालस माणूस, पण सांगितलं तेवढंच करणारा.

माझा जीव हरखला. पण लगेच डोकंही तापलं. "आणि तू नाही गेलास?"

"गाडी पाठवली ना. तिले समजीन."

आता हे वाचणाऱ्याला ठाऊक नसेल तर सांगते. लेकीला आणायला मुराळी जातो. भाऊ जातो, भाऊ नसला तर बाप, तोही नसला तर चुलत-मावस कुणीतरी, पण आपल्या रक्ताचा माणूस जातो. तो सासरी बसतो, चहा घेतो, सासूला म्हणतो, पोरीला चार दिवस नेतो. माणसाशिवाय पाठवतात तो माल. लेक नाही. आणि हा शहाणा उंटावरून शेळ्या हाकतोय. गाडी एवढी मोठी, एवढी लाडकी, ती पाठवली म्हणजे मान झाला, असा ह्याचा हिशेब. तरी मी म्हटलं, जाऊ दे, एवढं तरी सुचलं. विचारलं, "पुनाले काय सांगून पाठवलं?"

"काही बोलू नको म्हटलं. ती काहीही विचारो, तोंड उघडायचं नाही. इतकंच सांग, घरी बोलावलं. बाकी घरी गेल्यावर कळीन."

मी ओट्यावर खालीच बसले. 

आमचे वडील, दादा, गेले तेव्हा मला असंच नेलं होतं. जीप आली. आत घरचं कुणी नाही. ड्रायव्हर म्हणाला, घरी बोलावलंय, चला. काय झालं? घरी गेल्यावर कळेल. चुलीवर दूध होतं, ते तसंच सोडून मी निघाले. जीपमध्ये पाय ठेवतानाच मला ठाऊक होतं, दादा राहिले नाहीत. आपल्याकडे मरणाची बातमी लेकीला कुणी तोंडानं देत नाही. गाडी पाठवतात. गाडी आली आणि ड्रायव्हर खाली बघायला लागला की समजून घ्यायचं.

"प्रेम," मी म्हटलं, "तिला सांगितलं होतंस ना, मी मेल्यावर ये. आणि जी गाडी तुझ्याशिवाय कधी फाटकाबाहेर गेली नाही, ती आज तुझ्याशिवाय तिच्या दारात उभी केलीस. मुक्या ड्रायव्हरला घेऊन. ती काय समजेल?"

त्याला कळायला एक क्षण लागला. मग चेहरा असा उतरला की मला त्याच्यावर ओरडवेना.

त्यानं पुनाला फोन लावला. पुना कसला उचलतोय, ह्याचाच नियम. मी नूतनला लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा लावला, तेच. मग प्रेमराजनं स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या बोटानं तिचा नंबर लावला. लग्नानंतर पहिल्यांदा. कानाला लावून उभा राहिला. तिकडे घंटी वाजत राहिली.

धुळ्याला काय झालं ते मला नंतर तिच्या तोंडून कळलं. गाडी गल्लीत आली तेव्हा तिची सासू भाजी निवडत दारात बसली होती. तिनं आत हाक मारली, "पोर, तुन्या माहेरनी गाडी उनी शे." नूतन धावत बाहेर आली. आधी पुढच्या सीटकडे पाहिलं. मग मागच्या. मग पुनाला विचारलं, "आबा कुठंयत?" पुना चपलांकडे बघून म्हणाला, "घरी बोलावलं ताई. घरी गेल्यावर कळीन."

ती तिथेच पायरीवर बसली. सासूनं तिला उठवलं, पाणी दिलं, ते तिनं पायरीवर तसंच ठेवलं. समाधाननं दुकान बंद केलं, कपाटातून पांढरा पंचा काढून खांद्यावर घेतला आणि तिच्या शेजारी गाडीत बसला. वाटेत माझे फोन आले, ते तिनं पाहिले आणि उचलले नाहीत. म्हणाली, "आत्या, मला ते तुझ्या तोंडून फोनवर ऐकायचं नव्हतं." मग स्क्रीनवर 'आबा' असं आलं. इतक्या दिवसांत कधी न आलेलं. तिला वाटलं, कुणीतरी आबांच्या फोनवरून लावतंय. तिनं मोबाइल पालथा करून मांडीखाली ठेवला.

आणि पुना? मी त्याला नंतर चांगला फैलावर घेतला. म्हणाला, "अक्का, आधी मले वाटलं, माहेरी चालली म्हणून रडते. बाया रडतातच. मग पावणेबी रडायला लागले. तेव्हा वाटलं, मी निघाल्यावर भाऊंचं खरंच काही झालं, अन यायले फोन आला. म्हणून मी गाडी अजून जोरात काढली."

आम्ही फाटकाशी उभे होतो. उन्हाची झळ लागत होती, तरी प्रेमराज सावलीत येईना. पुष्पाबाईंनी खापराखालचा जाळ काढून घेतला होता. रस्त्याच्या वळणावर गाडी दिसली आणि मला नको नको झालं. पोरगी घरी येतेय आणि मला आनंद करता येत नाही, अशी वेळ देवानं वैऱ्यावरही आणू नये.

गाडी आत आली. मागचं दार उघडून आधी समाधान उतरला. त्यानं पुरणाचा वास घेतला, खापर पाहिलं, पुष्पाबाईंच्या हातावरची मेंदी पाहिली आणि मग समोर उभा असलेला सासरा पाहिला. तो जागच्या जागी थांबला. खांद्यावरचा पंचा त्याला आता कुठे ठेवावा कळेना.

प्रेमराजची नजर त्या पंच्यावर होती. "हे कशाले?" त्यानं विचारलं.

"खांदा द्यायला आलो होतो," समाधान म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. "तुम्हाला मुलगा नाही, म्हणून. तुमच्या लोकांनी नको म्हटलं असतं तर मागून चाललो असतो."

 ज्या मुलाचं नाव प्रेमराजनं कधी घेतलं नव्हतं, ज्याला तो घरात 'तो धुळ्याचा' म्हणायचा, त्याच्यापुढे त्यानं हात जोडले.  मग म्हणाला, "या. आत या तुम्ही."

जावयाला अहोजाहो करतात, त्यात नवल काही नाही. पण मला रडू फुटलं.

नूतन मात्र उतरली नाही. पदर तोंडावर घेऊन आत बसून राहिली. मी दाराशी गेले, "बाई, उतर" म्हटलं, तिनं मान हलवली. प्रेमराज दुसऱ्या बाजूनं जाऊन तिच्या शेजारी बसला. ती सरकली नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"मी मयतीला आले होते," ती म्हणाली. "जिवंत माणसाकडे यायला मला कुणी बोलावलंच नव्हतं."

"चुकलो," तो म्हणाला.

"पारोळ्यापर्यंत मी तुमच्याशी भांडले, आबा. मनातल्या मनात. जे जे साचलं होतं ते सगळं काढलं. जळगावपर्यंत नुसती रडले. तापी ओलांडली तेव्हा म्हटलं, जाऊ दे. मेलेल्या माणसावर किती राग धरायचा. तुम्हाला माफ करून टाकलं मी. आणि आता तुम्ही इथे दाढी करून उभे. मी काय करू आता? पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू करू?"

माझ्या जिभेवर दहा गोष्टी आल्या. पहिल्यांदाच मी त्या तशाच गिळल्या. हे बोलणं त्याचं होतं, त्यालाच करायला हवं होतं. तो सीटच्या कडेची शिवण नखानं उकरू लागला. मला वाटलं, झालं, ह्याच्या तोंडाला पुन्हा कुलूप.

"ते माघारी नको घेऊ, बाई," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मला वाकून ऐकावं लागलं. "मेल्यावर माफ केलं ना? मग मी जिता आहे म्हणून माघारी नको घेऊ. मले जितेपणी लागते ते."

तिनं तोंडावरचा पदर काढला आणि त्याच्याकडे पाहिलं. डोळे सुजलेले, नाक लाल. बापाच्या हनुवटीवर दाढी करताना कापलेलं होतं, तिथे तिनं बोट लावून पाहिलं, जसं काही खरंच जिवंत आहे का ते बघावं. मग अंगणात अजून पंचा हातात घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याकडे तिची नजर गेली.

"यांना आधी पाणी द्या," ती म्हणाली. "मयतीला निघालेला माणूस घोटभरही पीत नाही. धुळ्यापासून कोरडे आहेत ते."

प्रेमराज उतरला. मी माठाकडे निघाले होते, त्यानं मला हातानं थांबवलं. स्वतः माठाशी गेला, तांब्या भरला, वाटेत निम्मा सांडला, पुन्हा जाऊन भरला आणि दोन्ही हातांनी जावयापुढे धरला. समाधान पाणी पीत होता तोवर नूतन गाडीतून खाली उतरली होती.